मागच्या फ्लास्कातलं थोडंसं

आमच्या इमारतीत मावशीविषयी एक बातमी गेली सहा वर्षं ठाम उभी आहे: ती दारू गाळते.

बातमीचा उगम तळमजल्यावरच्या काकूंकडे. काकू काहीही सांगण्याआधी "मला काय करायचंय म्हणा" असं म्हणतात, आणि ते ऐकलं की समोरच्याने हातातली पिशवी खाली ठेवावी, कारण आता अर्ध्या तासाची निश्चिंती. "मला काय करायचंय म्हणा, पण संध्याकाळी ती जिन्यातून वर गेली की मागे वास राहतो. आंबूस. दोन मिनिटं राहतो, मी घड्याळ लावून बघितलंय. एकदा तोंडावर विचारलं, काय हो, काम काय करता तुम्ही? तर म्हणते, यीस्ट वाढवते. आता मला सांगा, यीस्ट वाढवून कोणी स्वेटर विणतं का?"

यातला वास खरा आहे. दारूसुद्धा रतीभर खरी आहे, कारण यीस्टला साखर दिली की ते थोडी दारू करतंच, त्याला कोण काय करणार. पण ती सगळी मावशी प्रयोगशाळेच्या सिंकमध्ये ओतून देते. तिला हवा असतो तो तळाशी बसलेला गाळ, वाटाण्याएवढा, भिजवलेल्या कणकेच्या रंगाचा. त्या गाळात कोट्यवधी पेशी असतात, आणि त्या आपसांत काय कुजबुजतायत ते ऐकण्याचा पगार मावशीला गेली सव्वीस वर्षं मिळतो.

म्हणजे असं. यीस्टच्या एवढ्याशा पेशीत हजारो जनुकं असतात आणि एकेक जनुक म्हणजे एकेका कामाची लिहून ठेवलेली कृती. समोर एखादी साखर आली आणि ती पचवणारं एन्झाइम करायचं झालं, की त्या एन्झाइमच्या जनुकाच्या नकला निघायला लागतात. नकला भराभर निघाल्या तर समजायचं, जनुक कामाला लागलं. नाही निघाल्या, तर झोपलंय. साखर बदला, ऊब बदला, हवा कमी करा, दर वेळी वेगळी जनुकं जागी होतात. मावशी हेच मोजते. फ्लास्कमधून थोडं यीस्ट काढायचं, सेंट्रिफ्यूज नावाच्या यंत्रात गरगर फिरवून तळाशी बसवायचं आणि लगेच गोठवायचं, कारण या नकलांचं आयुष्य असतं काही मिनिटांचं. मग त्या मोजणाऱ्या यंत्रात घालायच्या. तर आमच्या घरात नकला मोजणारी एक मावशी आहे आणि नकला करणारी एक भाची. (ही भाची म्हणजे अस्मादिक. पण गोष्ट मावशीची आहे, तेव्हा भाचीने तूर्तास गप्प बसावं.)

न दिसणाऱ्या गोष्टी इतकी वर्षं मोजून मावशीचा दिसणाऱ्या गोष्टींवरचा विश्वास पार उडालाय. दुधाच्या पिशवीवरची तारीख ती वाचते, मग पिशवी उलटी करून पुन्हा वाचते, न जाणो मागच्या बाजूला वेगळी असली तर. तेलाच्या बाटलीवर तिची पेन्सिलीची रेघ असते. फोनवर पलीकडच्याने "कोण बोलतंय?" असं विचारलं तर ही म्हणणार, "तुम्हाला कोण हवंय ते आधी कळू द्या." भाचीचे बाबा, म्हणजे मावशीचे भाऊजी, एकदा म्हणाले, "ताई, तुम्ही आरशात बघतानासुद्धा ओळखपत्र मागत असाल." मावशी हसली नाही. तिने विचारलं, "हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

प्रयोगशाळेत हा स्वभाव कामाला यायचा. तिच्या फळीवरच्या प्रत्येक बाटलीवर तारीख, वेळ, सही आणि पातळीची रेघ. पाणी रेघेखाली केसभर जरी उतरलं तरी मनात पाल चुकचुकायची, आणि मग दोन दिवस येणाऱ्याजाणाऱ्याच्या खिशांकडे बघणं चालायचं. तराजूवर शंका, थर्मामीटरवर शंका, झाडूवालीवर शंका, वीजपुरवठ्यावर तर कायमचीच. शंका नव्हती ती फक्त एका गोष्टीवर, स्वतःच्या हातावर. सव्वीस वर्षांत तो हात कधी चुकला नव्हता. निदान चुकला असं कोणी म्हटलं नव्हतं.

मग दीड वर्षापूर्वी तिथे एक नवा संशोधक आला, कुठल्याशा मोठ्या ठिकाणाहून, दोन वर्षांच्या करारावर. मावशीने त्याचं नाव ठेवलं पाहुणा. पाहुणा हळू बोलायचा, बाह्या मोजून दोन घड्या वर करायचा आणि प्रत्येक वाक्याच्या शेपटाला "बरोबर ना?" लावायचा. "आज मंगळवार, बरोबर ना? मग हे सेंट्रिफ्यूज दुपारी माझ्याकडे, बरोबर ना?" उत्तरासाठी तो थांबायचा नाही. मावशी घरी येऊन हे जसंच्या तसं सांगायची आणि भाची ते त्याहून जसंच्या तसं करून दाखवायची. पाहुण्याला न बघताच आमच्या घरातल्या सगळ्यांना तो पाठ होता.

"इतकं गोड बोलणाऱ्या माणसाला काहीतरी लपवायचं असतं," मावशी म्हणायची.

"ताई, काही माणसं नुसतीच गोड असतात," आई म्हणायची.

"तू भोळी आहेस."

त्या दोघांना काम एकच दिलं होतं, मुद्दाम. यीस्टची आवडती साखर ग्लुकोज. ती मिळाली की ते दुसऱ्या कशाकडे ढुंकून बघत नाही. दुधातली साखर फोडली की तिच्यातून गॅलॅक्टोज नावाची दुसरी साखर निघते, ती पचवायला वेगळी एन्झाइमं लागतात, आणि ग्लुकोज असेपर्यंत त्यांची जनुकं कुलूपबंद असतात. प्रयोगशाळेच्या प्रमुखांना, म्हणजे सरांना, एवढंच हवं होतं: रात्रभर ग्लुकोजवर वाढवलेलं यीस्ट सकाळी धुऊन गॅलॅक्टोजमध्ये टाकलं, तर ते कुलूप उघडायला किती वेळ लागतो? वाया जाणाऱ्या दुधाच्या पाण्यातून काही करता येतं का, असा मोठा प्रकल्प होता आणि तो आकडा महिनाअखेर समितीकडे जायचा होता. एकच प्रयोग दोन माणसांनी वेगवेगळा करायचा आणि आकडे जुळले की पुढे पाठवायचे, ही तिथली जुनी रीत.

आकडे जुळले नाहीत. पाहुण्याचं यीस्ट पहिल्या तासातच कुलूप उघडून मोकळं. मावशीचं तीन तास ढिम्म. तिने पुन्हा केलं, पुन्हा ढिम्म. तिसऱ्यांदाही तेच. पाहुण्यानेही तीनदा केलं आणि तिन्ही वेळा पहिल्याच तासात.

सरांनी मावशीला खोलीत बोलावलं. सरांची वाक्यं अर्ध्या पुलावर थांबतात, पलीकडे आपण आपलं जायचं.

"बसा बाई. काय आहे, की हे आकडे… म्हणजे त्यांचे पहिल्या तासात, आणि तुमचे…"

"तीन तासांनी. तिन्ही वेळा."

"तेच ना. म्हणजे हाताची एक सवय… वयाबरोबर… आता मलाच बघा, चष्म्याशिवाय…"

"सर, माझा हात थरथरतो असं म्हणायचंय का?"

"तसं नाही हो. पण एक तारखेपासून तुम्ही धुलाईच्या खोलीत जरा… तिथे कसं, धावपळ नाही. पिपेटचं सगळं ते बघतील. आणि आकडेही त्यांचेच…"

धुलाईची खोली म्हणजे बोळाच्या टोकाची, खिडकी नसलेली, वाफेने भिंती सुटलेली खोली, जिथे दिवसभर काचसामान घासायचं. मावशीची सुरुवात तिथेच झाली होती. तिथून पिपेटपर्यंत, म्हणजे थेंब मोजून घ्यायच्या नळीपर्यंत, यायला तिला नऊ वर्षं लागली होती. निवृत्तीला तीन वर्षं उरली असताना तिला पुन्हा तिथे पाठवणार होते, आणि तेही हात गेला म्हणून. एक तारीख सोमवारी होती. मध्ये अठरा दिवस.

संध्याकाळी तिने घरी हे सांगितलं. आई म्हणाली, "मग आता काय करणार ताई?"

"बघणार."

"काय बघणार?"

"सगळंच."

सुरुवात तिने स्वतःपासून केली, हे तिच्या बाजूने सांगायलाच हवं. दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर जाऊन तिने पिपेटने पाण्याचं एकच माप वीस वेळा तराजूवर सोडलं. वीस आकडे वहीत लिहिले. सगळ्यांत मोठ्या आणि सगळ्यांत लहान आकड्यात राईएवढाही फरक नव्हता. मग तराजूच खोटा असेल म्हणून दुसऱ्या खोलीतल्या तराजूवर आणखी वीस वेळा. हात शाबूत होता.

हात शाबूत, तर मग लबाडी कुठेतरी दुसरीकडे. आणि दुसरीकडे म्हणजे कुठे, हे मावशीला दीड वर्षापासूनच माहीत होतं.

पिपेटच्या टोकाला प्लॅस्टिकची टिप लावतात. एका मापाला एक टिप, मग ती डब्यात. म्हणजे कोणी किती मापं घेतली याची साक्ष कचऱ्याच्या डब्यात पडलेली असते. पाहुणा जेवायला गेला की मावशी चिमट्याने त्याच्या डब्यातल्या टिप्स मोजायची. यंत्राजवळच्या कागदावर त्याने लिहिलेली मापं बहात्तर. डब्यातल्या टिप्स बहात्तर. पुढच्या खेपेला शहाण्णव आणि शहाण्णव. हा माणूस न मोजता आकडे बनवत असता तर कुठेतरी टिप्स कमी पडल्या असत्या. एकही कमी पडेना. मावशीला हे फारच संशयास्पद वाटलं. "इतकं जुळतं का कधी कोणाचं? माझंही जुळत नाही, एखादी टिप खाली पडतेच."

"म्हणजे जुळलं तरी चोर आणि नाही जुळलं तरी चोर?" भाऊजींनी विचारलं.

"तुम्ही भात घ्या."

संशयाचा एक गुण असा, की तो संसर्गजन्य असतो. आठवड्याभरात पाहुण्याच्या लक्षात आलं, की आपला डबा रोज थोडा सरकलेला असतो. त्याने आपली वही कपाटात ठेवून कुलूप लावलं. मग आपल्या फ्लास्कच्या तोंडावर चिकटपट्टी लावून तिच्यावर सही करायला लागला. ते बघून मावशीने आपल्या फ्लास्कवर दोन पट्ट्या लावल्या आणि दोन्हींवर सही. मग त्याने सहीखाली वेळ टाकली. स्टोअरवाला, जो त्या इमारतीत मावशीइतकाच जुना आणि स्वभावाने तिच्याहून एक घर पुढे, तो एकदा फ्रिज उघडून बराच वेळ आत बघत राहिला.

"बाई, यात यीस्ट ठेवलंय की खुनाचे पुरावे?"

"दादा, तुम्ही तुमचं काम करा."

"माझंच काम करतोय. चिकटपट्टीची चौदा रिळं गेली या महिन्यात. विचारलं पाहिजे ना कोण खातंय."

शुक्रवार उजाडला. मधल्या दोन दिवसांत सुट्टी आणि सोमवारी एक तारीख. त्या सकाळी कचरा जाळायला न्यायच्या आधी मावशी सवयीने प्लेट्सची पिशवी चाळत होती. प्लेट म्हणजे काचेसारख्या प्लॅस्टिकची चपटी डबी. मूळ यीस्ट फ्रीझरमध्ये गोठून पडलेलं असतं. नवा प्रयोग करायचा तर तिथून कणभर खरवडून आधी प्लेटवर वाढवायचं, मग प्लेटवरून फ्लास्कमध्ये. म्हणजे एका प्रयोगाला एक प्लेट. पिशवीत मावशीच्या प्लेट्स होत्या. महिनाभर मागच्या पिशव्यांच्या नोंदी बघितल्या, तिथेही मावशीच्याच. पाहुण्याची महिन्याभरात एक. फक्त एक, अगदी पहिली.

तीन प्रयोग आणि प्लेट एक. उरलेल्या दोन प्रयोगांना यीस्ट आलं कुठून? हवेतून? मावशीच्या डोक्यात सगळं लख्ख झालं. टिप्स हा गडी पाण्याने भरत होता, आणि आकडे घरी बसून लिहीत होता.

आता शहाणपणाचं काय असतं, तर गप्प राहून एकदा विचारायचं. पण पंधरा दिवस ज्याने वाट बघितलीय त्याला शहाणपण कुठून आठवणार. दुपारी दोन वाजता, सर पाहुण्याच्या टेबलापाशी उभे असताना, मावशी तिथे गेली आणि भर खोलीत म्हणाली, "सर, यांना विचारा, यांचं यीस्ट कुठून येतं. महिन्याभरात यांनी एक प्लेट वापरलीय. प्रयोग तीन."

पाहुण्याचे कान लाल झाले, पण आवाज तसाच मऊ. तो उठला, फ्रिजपाशी गेला आणि खालच्या कप्प्यातून तळाला थोडंसं गढूळ पाणी उरलेला एक फ्लास्क घेऊन आला.

"मी वाया घालवत नाही, बाई. ती एक प्लेट तालमीच्या फेरीला गेली, तिचे आकडे मी घेतलेच नाहीत. तेव्हापासून दर वेळी मागच्या फ्लास्कातलं थोडंसं ठेवतो आणि पुढचा प्रयोग त्यातूनच सुरू करतो. फ्रीझर उघडायला नको, प्लेट वाढायची वाट बघायला नको. दोन दिवस वाचतात. बरोबर ना?"

सर मावशीकडे बघत म्हणाले, "बाई, आता तरी…"

ते वाक्य पुढे कुठे जाणार होतं ते सगळ्यांना कळलं. एका सरळ माणसाला मावशीने चारचौघांत खोटारडा म्हटलं होतं, आणि आता धुलाईची खोली तर पक्कीच, वर तोंड दाखवायलाही जागा नाही. मान खाली घालून ती निघणारच होती. पण मान खाली घातली तर समोर फ्लास्क आला, आणि फ्लास्कवर लेबल होतं, आणि समोर लेबल असताना ते न वाचणं मावशीला जन्मात जमलेलं नाही.

तारीख. वेळ. सही. आणि साखरेचं नाव.

तिने ते दोनदा वाचलं.

"हा फ्लास्क गॅलॅक्टोजचा आहे," ती म्हणाली.

"हो, मागच्या प्रयोगाचा. तो गॅलॅक्टोजमध्येच संपतो ना."

"मग यातलं यीस्ट पुढच्या वेळी तुम्ही काय करता?"

"रात्रभर ग्लुकोजमध्ये वाढवतो. तुम्ही करता तसंच. सकाळी धुतो. तुम्ही धुता तसंच."

"रात्री यातलं किती घालता?"

"भरपूर घालतो. सकाळपर्यंत दाट व्हायला हवं. एक रात्र ग्लुकोजवर काढली की यीस्ट आधीचं सगळं विसरतं. बरोबर ना?"

दीड वर्षात त्या प्रश्नाला पहिल्यांदाच कोणीतरी उत्तर दिलं.

"नाही," मावशी म्हणाली. "म्हणजे मला माहीत नाही. पण माझ्या यीस्टने गॅलॅक्टोज आयुष्यात चाखलेलं नाही. ते थेट फ्रीझरमधून येतं. तुमच्याने मागच्याच आठवड्यात पोटभर खाल्लंय. ज्याला घर माहीत आहे त्याला कुलूप उघडायला वेळ लागतो का?"

सर खुर्चीवर बसले. सरांना जेव्हा खरंच काही आठवतं तेव्हा ते आधी बसतात. मग म्हणाले, की असं असू शकतं. मागच्या वेळी केलेला प्रथिनांचा साठा पेशीत उरतो, पेशी दुभंगली की तो लेकींमध्ये वाटला जातो, आणि फार पिढ्या झाल्या नसतील तर लेकींनाही कुलूप लवकर उघडता येतं. कुठेतरी त्यांनी वाचलं होतं. "पण बाई, असू शकतं आणि आहे, यात…"

"उद्या शनिवार आहे," मावशी म्हणाली. "एक दिवस द्या."

ठरलं ते असं. दोन्हीकडचं यीस्ट, फ्लास्कातलं आणि प्लेटवरचं, त्याच संध्याकाळी ग्लुकोजमध्ये वाढायला टाकायचं. सकाळी स्टोअरवाल्याने त्याचे चार फ्लास्क करायचे, दोन या यीस्टचे, दोन त्या. त्यांच्यावर नुसती अक्षरं टाकायची आणि कोणतं अक्षर कशाचं ते पाकिटात बंद करून सरांच्या खणात. मावशीने दोन प्रकारांतला एकेक करायचा, पाहुण्यानेही एकेक, आणि आपल्या हातात काय आहे ते दोघांनाही माहीत नाही. आकडे हाताबरोबर गेले, तर सोमवारी मावशी धुलाईत. यीस्टबरोबर गेले, तर पिपेट तिचंच.

"स्टोअरवालाच का?" सरांनी विचारलं.

"त्यांचा माझ्यावरही विश्वास नाही आणि यांच्यावरही नाही," मावशी म्हणाली.

घरी जेवताना तिने हे सांगितलं, आणि इथे भाचीला बोलल्याशिवाय राहवलं नाही. दीड वर्ष पाहुण्याची नक्कल करून करून भाचीच्या डोक्यात तो पक्का खलनायक बसला होता.

"मावशी, तो उद्या येणारच नाही. सकाळी निरोप येईल बघ, अंगात कणकण आहे, बरोबर ना?"

"येईल."

"कशावरून? तूच म्हणत होतीस, काहीतरी लपवतोय."

"लपवणारा माणूस लेबल लावत नाही," मावशी म्हणाली. "त्याने साखरेचं नाव स्वच्छ लिहून ठेवलं होतं. मी पंधरा दिवस त्याच्या कचऱ्यात हात घातला आणि फ्रिजमधलं लेबल वाचलं नाही. येईल तो. माझ्या आधी येईल."

"पैज?"

"कसली?"

आमची खोली एकच, खाटा दोन, आणि खिडकीकडची भाचीची. पैज तिच्यावर लागली. पाहुणा आला आणि आकडे यीस्टबरोबर गेले, तर महिनाभर खिडकी मावशीची. दोन्हींतलं एक जरी चुकलं, तर मावशीने महिनाभर भाचीला पहाटे उठवायचं नाही. आई म्हणाली, "अगं, मावशीचं काम जाईल यावर पैज लावतेस का तू?" तेव्हा भाचीच्या लक्षात आलं, की आपण काय बोलून बसलो. पण मावशीने हात पुढे केला होता.

शनिवारी सात वाजता मावशी पोहोचली तेव्हा पाहुणा बंद दारापाशी पायरीवर बसला होता. बाह्या दोन घड्या वर. "चावी तुमच्याकडे असते," एवढंच तो म्हणाला.

दिवसभर दोघं पाठीला पाठ लावून काम करत होते. धुतलेलं यीस्ट गॅलॅक्टोजमध्ये गेलं ते आठला. सुरुवातीला एक नमुना, मग अर्धा तास, एक तास, दोन, तीन. चार फ्लास्क, वीस नळ्या. गोठवणं, पेशी फोडणं, नकला वेगळ्या काढणं. स्टोअरवाला मध्ये स्टूल टाकून बसला होता आणि दोघांच्या हातांकडे मांजराने उंदराच्या बिळाकडे बघावं तसा बघत होता. दुपारी मावशीचा डबा उघडायचा राहिला. पाहुण्याने न विचारता तिच्या शेजारी पाण्याचा ग्लास ठेवला. तिने तो उजेडाकडे धरून पाहिला, आणि मग प्यायली.

संध्याकाळी सहाच्या सुमाराला यंत्राने आकडे टाकले. दोन फ्लास्क पहिल्या तासात जागे. बाकीचे दोन मात्र तीनही तास झोपलेले. जागा एक मावशीच्या हातचा, एक पाहुण्याच्या. झोपलेला एक मावशीच्या हातचा, एक पाहुण्याच्या. सरांनी खणातून पाकीट काढलं, स्टोअरवाल्याने आधी ते फोडलेलं नाही ना ते चारही बाजूंनी तपासलं, आणि मग सरांनी वाचलं. जागे दोन्ही मागच्या फ्लास्कातले. झोपलेले दोन्ही फ्रीझरमधले.

हात दोघांचेही बरोबर होते. कोणीच खोटं बोललं नव्हतं. यीस्टनेसुद्धा नाही.

"दोन्ही आकडे पाठवू," सर म्हणाले. "आधी चाखलेलं आणि न चाखलेलं. आणि बाई, सोमवारी तुम्ही तुमच्याच टेबलावर बसा." एवढं अख्खं वाक्य सरांच्या तोंडून ऐकल्याचं कोणाला आठवत नव्हतं.

बाकीचे गेल्यावर मावशीने फ्रिज उघडला आणि आपल्या फ्लास्कवरच्या पट्ट्या एकेक करून सोलून काढल्या. पाहुणा मागे उभा होता.

"मी तुम्हाला चारचौघांत बोलले," ती म्हणाली. "सोमवारी चारचौघांतच परत घेईन."

"मी तुम्हाला म्हातारी म्हणालो होतो. सरांपाशी." पाहुणा म्हणाला. "ते मात्र इथेच परत घेतो."

मावशी त्याच्याकडे वळली. "कधी म्हणालात? किती वेळा?"

घरी आली तेव्हा तिने काही न बोलता आधी उशी उचलली आणि खिडकीकडच्या खाटेवर नेऊन ठेवली. त्यावरूनच सगळ्यांना कळलं. आईने डोळे पुसले, भाऊजी म्हणाले, "ताई, ओळखपत्र बघू." तेव्हा मावशी हसली.

खिडकी जाऊन आज अकरा दिवस झाले. भिंतीकडच्या खाटेला वारा येत नाही आणि प्लॅस्टर टोचतं. पण त्याहून टोचणारी गोष्ट वेगळीच आहे. मावशीच्या मनात आता नवी पाल चुकचुकतेय: ही पोरगी मुद्दाम हरली. आपण शुक्रवारी घाबरलो होतो, ते हिने ओळखलं आणि आपल्याला धीर यावा म्हणून उलटी पैज लावली. रोज दिवा मालवायच्या आधी ती विचारते, "खरं सांग, तुला माहीत होतं ना तो येईल म्हणून?"

भाची रोज सांगते, की नाही गं मावशी, मला खरंच वाटलं होतं तो पळेल. मी सरळसरळ हरले.

"हं," मावशी म्हणते, आणि खिडकीची कडी लागलीय ना ते दुसऱ्यांदा बघते.